बादली आपटू नये

धक्क्याच्या मागच्या बाजूला पाण्यात उतरणाऱ्या दगडी पायऱ्या आहेत आणि त्यांच्या तोंडाशी बंदर समितीची पाटी उभी आहे. डॉल्फिनला खाऊ घालण्याचे नियम तिच्यावर लिहिलेले आहेत. बाहेरगावची माणसं ती वाचतात आणि वाचता वाचता त्यांना हसू फुटतं. जनावरांच्या डॉक्टरीणबाईंनी दाखला दिलेल्या जखमी जनावरालाच खाऊ घालावं, इथपर्यंत त्यांना पटतं. पुढे मात्र त्यांची गाडी अडते. खाऊ घालणाऱ्याने समितीचा पिवळा रेनकोट घालावा आणि टोपी डोळ्यांवर ओढावी. एकाच माणसाने लागोपाठ दोन दिवस जाऊ नये. बोलू नये, गाऊ नये, शीळ घालू नये. जनावराला नाव देऊ नये. मासे हाताने भरवू नयेत, पाण्यात टाकावेत. काम झालं की मागे वळून न बघता निघून जावं. आणि सगळ्यात खाली, वेगळ्या रंगात, मागाहून लिहिलेला एक नियम आहे: बादली दगडावर आपटू नये.

हा शेवटचा वाचून लोक एकमेकांना कोपराने ढोसतात, फोटो काढतात. समितीला काही कामधंदा दिसत नाही, असं एखादा म्हणतोच. मासळीच्या शेडमधली मावशी त्या वेळी तिथून जात असली तर मान खाली घालून जाते. तो नियम तिच्यामुळे आला.

तसे बाकीचे नियमही कोणा रिकामटेकड्याच्या डोक्यातून निघालेले नव्हते. फार वर्षांपूर्वी गावातल्या एका होडीवाल्याने एका डॉल्फिनला लळा लावला होता. ते जनावर त्याची होडी दिसली की धावत यायचं. मग कुठलीही होडी दिसली की यायला लागलं, आणि शेवटी एका होडीच्या इंजिनाच्या पंख्यात सापडून मेलं. तेव्हापासून गावाने ठरवलं की जनावराला खाणं कळलं पाहिजे, माणूस कळता कामा नये. म्हणून सगळ्यांना एकच रेनकोट. तो एकाच मापाचा होता. बुटक्या माणसाच्या पायात घोळायचा आणि उंच माणसाच्या गुडघ्यांवर संपायचा, पण पाण्यातून बघणाऱ्याला सगळे सारखेच पिवळे दिसायचे.

मावशी म्हणजे अख्ख्या शेडची मावशी. मासे साफ करण्यात तिचा उभा जन्म गेला होता. तिच्या हाताखाली मासा कधी उघडला आणि कधी धुऊन टोपलीत पडला, हे शेजारी उभ्या असलेल्यालाही कळायचं नाही. नियमाला ती भारी पक्की. ती नाकासमोर चालायची आणि दुसऱ्यांनीही आपापल्या नाकासमोरच चालावं असा तिचा आग्रह असायचा. नळाच्या रांगेत कोणी मध्ये घुसलं तर मावशी काही बोलायची नाही, नुसतं बघायची. घुसणारा आपला आपण मागे जायचा.

तिच्या यजमानांचं सगळं याच्या उलट. ते फेरीबोटीवर तिकिटं फाडायला होते आणि त्यांच्या तोंडाचा पट्टा एकदा सुरू झाला की थांबायचं नाव घ्यायचा नाही. गावाने त्यांचं नाव रेडिओ ठेवलं होतं. त्याचा त्यांना राग नव्हता. बंद करायचं बटण तेवढं बसवायचं राहिलंय, असं ते स्वतःच सांगायचे. त्यांची सुरुवात ठरलेली असायची. "हवा बरी आहे आज," असं ते म्हणाले की ओळखीचे प्रवासी निमूटपणे पिशव्या खाली ठेवायचे, कारण आता पलीकडचा किनारा येईपर्यंत सुटका नव्हती. नोकरी संपल्यावरही त्यांचा पाय तिथून निघाला नाही. रोज सकाळी जाऊन ते फेरीच्या धक्क्यावरच्या बाकावर बसायचे आणि येणाऱ्याजाणाऱ्याला पकडायचे.

घरात मात्र या रेडिओला श्रोता नव्हता. शेडमध्ये दिवसभर पाण्याचा, खोक्यांचा, आरड्याओरड्याचा गलका असायचा. मावशी घरी यायची ती डोकं भणभणतच. लग्नानंतर लवकरच तिने आपल्या कानांना एक वळण लावून घेतलं होतं. यजमानांचं तोंड हलताना दिसायचं, पण आवाज आत शिरायचा नाही. मधूनमधून "हो का" म्हणायचं, की झालं. त्यात तिचा दुष्टावा नव्हता. पाय दुखले की माणूस चप्पल काढतो, तसं ते होतं. हळूहळू त्यांच्याही ते लक्षात आलं असावं. घरातलं बोलणं त्यांनी आवरतं घेतलं आणि सगळं बाहेर बोलून यायला लागले.

मग एका वर्षी उन्हाळ्याच्या तोंडाला एक डॉल्फिन बंदरात आला. जाळ्याची दोरी त्याच्या जबड्यात रुतली होती. डॉक्टरीणबाईंनी होडीतून जाऊन ती कापली, पण जबडा वाकडा झाला होता आणि त्याला पळता मासा धरता येईना. त्यांनी दाखला दिला, समितीने पाळ्या लावल्या. मावशी, रेडिओ, बेकरीवाला आणि शाळेतले मास्तर. बेकरीवाल्याने पहिल्याच दिवशी त्याच्यासाठी एक छानसं नाव सुचवलं आणि मावशीने त्याच्याकडे असं काही बघितलं की पुन्हा त्याने विषय काढला नाही. त्यामुळे तो नुसता तो राहिला. "तो आला होता का?" असं कोणी बाजारात विचारलं तरी सगळ्या गावाला कळायचं कोणाबद्दल चाललंय.

आता बादलीचं सांगायला हवं. शेडमधल्या बायकांची एक पद्धत होती. बादलीतला कचरा ओतला की बादली दगडाच्या कडेवर दोनदा आपटायची. ठण, ठण. तळाला चिकटलेले खवले त्याने सुटतात. हे कोणी कोणाला शिकवत नाही, हाताला आपोआप सवय लागते. मावशीची बादली पत्र्याची होती आणि आपटून आपटून तिचा काठ एका बाजूने चेपला होता. शेड रस्त्याच्या वरच्या अंगाला, पाण्यापासून लांब. तिथे दिवसभर हाच आवाज चालायचा आणि तो कोणाच्या कानावरही यायचा नाही. पाळी आली की मावशी तीच बादली घेऊन मागच्या पायऱ्यांवर जायची, पिवळ्या कोटात गप्प उभी राहून एकेक मासा पाण्यात टाकायची, शेवटचा चुरा ओतायची आणि पाण्याला टेकलेल्या पायरीवर बादली दोनदा आपटून, मागे न बघता निघून यायची. नियमांत बादलीबद्दल अवाक्षर नव्हतं.

बेकरीवाल्याच्या पाळीला तो उशिरा यायचा, मास्तरांना तर कधीकधी ताटकळत ठेवायचा. मावशीच्या पाळीला मात्र तो लांब असला तरी बादली रिकामी होताच, तिची पाठ वळायच्या आत हजर. ओतलेलं सगळं वेचून खायचा. मावशीला मनातून याचं बरं वाटायचं. आपण काटे काढून, धुऊन मासे देतो, आणि नियम तंतोतंत पाळतो, त्याचा हा गुण आहे, असं ती समजायची.

एकदा रेडिओंच्या पाळीच्या दिवशी ते चष्मा घरीच विसरून गेले. मावशी शेडकडे जाता जाता तो द्यायला पायऱ्यांकडे वळली. तिथे जाळ्यांचे ढीग रचलेले असतात. त्या ढिगांपाशी पोचली आणि तिला त्यांचा आवाज ऐकू आला.

"हवा बरी आहे आज," ते पाण्याला सांगत होते. "काल एक माणूस फेरीवर शिडी घेऊन चढला. एवढी मोठी शिडी. आणि उतरताना शिडी विसरून गेला. आता छत्री विसरणं मी समजू शकतो. शिडी विसरतं का कोणी?" तो पाण्यातून डोकं बाहेर काढून स्थिर राहिला होता. रेडिओंनी एक मासा टाकला. "पुढची गंमत तर वेगळीच आहे. घरी सांगणार होतो, पण घरी सांगून उपयोग काय? तिच्या कानाला माझा आवाज लागतच नाही. तू निदान तोंड वर काढून बसतोस."

मावशी चष्मा हातात घेऊन तशीच मागे फिरली. गंमत काय होती ते ऐकायलाही ती थांबली नाही. दिवसभर शेडमध्ये तिची सुरी जरा जास्तच जोरात चालत होती. नियम मोडला याचा राग होता, हे खरंच. पण आतून ठसठसत होतं ते वेगळं. आपल्या घरातली गोष्ट नवऱ्याने एका जनावरापाशी नेऊन बोलावी, हे तिला फार लागलं होतं. चष्मा तिने संध्याकाळी टेबलावर ठेवला आणि स्वयंपाकाला लागली.

त्याच सुमारास फेरीबोटीची फळी बदलली. प्रवाशांनी उतरायची जुनी लाकडी फळी कुजली होती, तिच्या जागी लोखंडाची आली. ती होती जड. साखळीने खाली सोडली की आधी एक कोपरा धक्क्यावर आदळायचा, मग दुसरा. ठण, ठण. त्यानंतर काही दिवसांतच तो फेरीबोटीपाशी दिसायला लागला. बोट धक्क्याला लागली की पाठीवरचा पंख पाणी कापत सरळ तिच्याकडे यायचा. प्रवासी खूश, पोरं टाळ्या पिटायची. बोट चालवणारा तांडेल मात्र धसकून कठड्यावरून खाली वाकायचा. फेरीबोट धक्क्याला दाबून धरायची तर इंजिन चालू ठेवावं लागतं, आणि इंजिन चालू म्हणजे खाली पंखा गरगरत असतो. जुन्या डॉल्फिनची कहाणी त्याने लहानपणापासून ऐकलेली होती.

बर्फाच्या कारखान्यावरच्या खोलीत समितीची बैठक बसली. तांडेल तापला होता. जनावराला माणसाची चटक लागली आहे, म्हणजे कोणीतरी नियम मोडला आहे, आणि तो कोणी मोडला ते आत्ताच्या आत्ता कळलं पाहिजे, असं त्याने टेबलावर हात मारून सांगितलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या की असंच चाललं तर तो पंख्याखाली जायला वेळ लागणार नाही. बेकरीवाल्याने मास्तरांकडे बघितलं, मास्तरांनी छताकडे.

मावशी उठून उभी राहिली. "आमचे हे बोलतात त्याच्याशी," ती म्हणाली. "मी माझ्या कानांनी ऐकलंय."

खोलीत कोणीतरी हसलं, मग थांबलं. रेडिओंनी मान वळवून तिच्याकडे बघितलं. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता, नवल होतं. कधी नव्हे ते बायकोने त्यांचं बोलणं ऐकलं होतं, आणि ऐकून हे केलं होतं. समितीने विचारल्यावर त्यांनी नाकबूल केलं नाही. "बोलतो," एवढंच म्हणाले. त्यांना पाळीतून काढून टाकलं आणि त्यांचे दिवस मावशीला दिले. मध्ये एकेक दिवस सोडून आता तीच जायची. सगळ्यात भरवशाचं माणूस म्हणून समितीने तिचं नाव घेतलं, तेव्हा तिची मान जराशी ताठ झाली होती. ही गोष्ट तिला पुढे फार दिवस आठवत राहिली.

रेडिओ सकाळी बाकावर जाऊन बसायचे, पण आता ते कोणाला पकडायचे नाहीत. तो फेरीपाशी यायचा थांबेल असं सगळ्यांना वाटलं होतं. उलट जास्तच यायला लागला. मावशीला काही उमगेना. बोलणारा माणूस दूर केला, तरी खोड जात नाही म्हणजे काय?

एका संध्याकाळी रेडिओ घरात पुन्हा बोलायला लागले. मावशी हातांवरचे खवले खरवडून काढत बसली होती. ते तिच्यासमोर येऊन बसले आणि हातवारे करून बराच वेळ काहीतरी सांगत होते. तिला हायसं वाटलं. राग गेला म्हणायचा. तिने एकदा "हो का" म्हटलं, थोड्या वेळाने आणखी एकदा म्हटलं, आणि उठून चहा टाकला.

दोन-चार दिवसांनी शेडमध्ये एक नवीच गंमत पसरली. रेडिओ म्हणे एक जुना टायर गडगडवत फेरीच्या धक्क्यावर घेऊन गेले आणि तांडेलाला म्हणाले, हा फळीखाली बांध. तांडेल सगळ्या प्रवाशांसमोर हसला. तुमच्या बडबडीने त्याला चटक लागली आणि आता आम्हाला शिकवायला आलात का, असं त्याने विचारलं. टायर तिथेच बाकाखाली पडून राहिला. ही हकिगत ऐकताना मावशीचे कान लाल झाले. नवऱ्याचं हसं झालं याची लाज वाटत होती, आणि हसं होण्याची सुरुवात आपण केली हे आठवून ती जास्त वाटत होती.

त्यानंतर घरातली तिची पत्र्याची बादली नाहीशी झाली. तिच्या जागी दाराआड एक कोरी निळी प्लास्टिकची बादली होती. मावशी भडकली. प्लास्टिकला खवले चिकटतात आणि त्याचा वास जाता जात नाही, हे मासळीच्या गावात तान्ह्या पोरालाही ठाऊक असतं. माणसाने सूड घ्यावा तो तरी मोठा घ्यावा, बादली लपवण्याइतका हलका नाही, असं तिने त्यांना सुनावलं. त्यांनी तोंड उघडलं, पण ती तोवर माळ्यावर चढली होती. जुनी बादली तिथे चादरीखाली सापडली. ती घेऊन ती खाली उतरली आणि निळी उचलून दाराबाहेर ठेवून दिली. रेडिओ बघत राहिले.

तो दिवस स्वच्छ होता. मावशी नेहमीसारखी पिवळा कोट घालून पायऱ्यांवर उतरली. तो बंदराच्या तोंडाशी होता. तिने थोडे मासे टाकले, मग आणखी थोडे टाकले आणि हाताच्या सवयीने अर्धी बादली झाल्यावरच एकदा आपटून खवले मोकळे केले. ठण, ठण. तो लगेच आला. वाकडा जबडा एका बाजूला करून त्याने एक मासा घेतला, दुसरा घेतला. तेवढ्यात पलीकडे फेरीबोट धक्क्याला लागली आणि फळी खाली आली.

ठण, ठण.

तो तिसऱ्या माशाकडे वळला होता. तो मासा तसाच सोडून तो गर्रकन फिरला आणि फेरीच्या दिशेने सुटला. मावशीच्या हातात बादली होती. आवाज तिच्या कानात होता. तिने बादलीकडे बघितलं, फेरीकडे बघितलं. कोणी बोलल्यामुळे तो तिकडे जात नव्हता. आपण एवढे दिवस त्याला हाका मारत होतो आणि फेरीची फळी आपल्याच आवाजात त्याला बोलावत होती, हे तिला त्या एका क्षणात लख्ख कळलं.

त्याच्या पाठीवरचा पंख बोटीच्या पोटाखाली गेला आणि दिसेनासा झाला. पंखा गरगरत होता, पाणी फेसाळत होतं. काय करावं? धावत जाऊन तांडेलाला सांगायचं तर अख्ख्या धक्क्याला वळसा होता. मावशीला एकच गोष्ट सुचली. ती पायरीवर वाकली आणि तिने बादली आपटली. ठण, ठण. त्याला परत बोलवायला. पुन्हा, ठण, ठण. जीव खाऊन ती आपटत होती. मान वर केली तेव्हा तिला फेरीच्या धक्क्यावर रेडिओ दिसले. ते बाकावरून उठून कडेपर्यंत धावत आले होते, दोन्ही हात हलवत होते आणि काहीतरी ओरडत होते. त्यांचं तोंड हलत होतं. ते नेहमीच हलायचं. मावशीने बादली आणखी एकदा आपटली.

मग बोटीच्या मागे पाणी लाल झालं.

तांडेलाने इंजिन बंद केलं. जखमी डॉल्फिन पाण्यावर आला, कुशीवर वळला आणि तसाच तिरका पोहत बंदराबाहेर गेला. डॉक्टरीणबाई होडी घेऊन मागे गेल्या, पण तो त्यांच्या हाती लागला नाही. दुसऱ्या दिवशी मासेमारीहून परत येणाऱ्यांना तो बाहेरच्या वाळूच्या पट्ट्यावर मेलेला सापडला.

तो जखमी झाला त्या दिवशी मावशी शेडमध्ये गेली नाही. ओटीवर बसून राहिली, पिवळा कोट अजून अंगातच होता. रेडिओ आत आले, तिच्यासमोर पाण्याचा तांब्या ठेवला आणि बाजूला बसले. मग तिनेच विचारलं.

"अहो, काय ओरडत होतात तुम्ही?"

"आपटू नको म्हणत होतो." त्यांचा आवाज बसला होता. "तो बोटीखालून पलीकडे निघाला होता. पलीकडे मोकळं पाणी होतं. मी वरून बघत होतो ना. तुझी बादली वाजली आणि तो परत फिरला."

मावशीने तोंडावर पदर धरला. ते पुढे सांगत राहिले, हळू, तिच्याकडे न बघता. बोटीच्या तळाशी बसलं की किनाऱ्यावरची हातोडीसुद्धा पाण्यातून शेजारी वाजावी तशी ऐकू येते. त्यांचा जन्म बोटीत गेला होता, त्यांना ते माहीत होतं. बाकावर बसून त्यांनी बघितलं होतं की फळी वाजली की तो येतो, नाही वाजली तर येत नाही. बाकी ओळखायला काय लागतं?

"मग मला का नाही सांगितलंत?" ती म्हणाली. दुःखात होती तरी आवाजात जुनी धार आली. "समितीत मी तुमचं नाव घेतलं म्हणून गप्प राहिलात ना? एका शब्दाने सांगायचं होतं."

रेडिओंनी तिच्याकडे बघितलं. त्यांना ते बोलायचं नव्हतं, हे तिला दिसत होतं.

"सांगितलं होतं," ते म्हणाले. "तू खवले काढत बसली होतीस त्या संध्याकाळी. सगळं सांगितलं. तू 'हो का' म्हणालीस."

मावशी समितीसमोर गेली आणि उभी राहून सगळं बोलली. बादलीचं बोलली, बैठकीत रागाने नवऱ्याचं नाव घेतलं तेही बोलली, आणि त्यांनी सांगितलेलं आपण ऐकलं नाही, हेही तिने लपवलं नाही. तिला कोणी काही म्हणालं नाही. म्हटलं असतं तर बरं झालं असतं. तांडेल खजील होऊन उठला, स्वतः जाऊन बाकाखालचा टायर ओढून काढला आणि फळीखाली बांधला. पाटीवर नवा नियम रंगवला गेला. रेडिओंना पुन्हा पाळीत घेतलं, त्यांचा मान म्हणून पहिलाच दिवस त्यांना दिला. पण खाऊ घालायला बंदरात कोणी नव्हतं, आणि पुढेही कोणी आलं नाही. पिवळा कोट समितीच्या खोलीत खुंटीवर लटकून राहिला.

शेडमधल्या बायका आजही बादल्या आपटतात. मावशी आपटत नाही. बादली पालथी धरून ती आतून हाताने खरवडते. त्याला वेळ लागतो, नखं दुखतात, आणि नवीन आलेल्या बायका तिच्याकडे बघून हसतात.

आता तिला सगळं ऐकू येतं. नळाचं टपटपणं ऐकू येतं, शेजारचं दार ऐकू येतं, रेडिओ खुर्चीत वळले तर वेताची करकर ऐकू येते. ते मात्र बोलत नाहीत. भांडण नाही, अबोला नाही; काही विचारलं तर नीट उत्तर देतात, भाजी चांगली झाली तर चांगली म्हणतात. बाकावर जाऊन बसतात, हवा बरी असते, आणि तसं ते कोणाला सांगत नाहीत. प्रवासी आता मोकळेपणाने पिशव्या हातात धरून निघून जातात.

परवा संध्याकाळी मावशीने काम आटोपलं, हात धुतले आणि आपली खुर्ची ओढून त्यांच्या अगदी समोर नेऊन ठेवली. त्यांनी चष्म्यातून वर बघितलं.

"बोला ना काहीतरी," ती म्हणाली.

"काय बोलू?"

"त्या शिडीवाल्याची पुढची गंमत काय होती?"

"कुठला शिडीवाला?"

"फेरीत शिडी विसरून गेला तो. तुम्ही पायऱ्यांवर त्याला सांगत होतात. मी जाळ्यांमागे होते. पुढचं ऐकायचं राहिलं माझं."

रेडिओंनी चष्मा काढला आणि सदऱ्याला पुसला. त्यांना आठवायचं होतं, कपाळाला आठ्या घालून त्यांनी खरोखर प्रयत्न केला. मावशी दोन्ही हात मांडीवर ठेवून वाट बघत बसली. तिचे कान त्यांच्याकडेच लागले होते.

"काहीतरी होतं खरं," शेवटी ते म्हणाले. "आता नाही आठवत."